रेडिओ, तुरुंग आणि ९८९४१

मान हलकेच वळवली, ‘कट्’ आवाज आला, माणूस उठून बसला. कायरोप्रॅक्टरचं आपल्याला दिसणारं काम एवढंच, तेही बहुधा मोबाइलवरच्या रीलमध्ये. पण हा पेशा जिथे जन्मला त्या अमेरिकेत आणि शेजारच्या कॅनडात या मंडळींनी रुग्णाच्या टेबलापासून दूर जे उद्योग केलेत, ते रीलपेक्षा कितीतरी सुरस आहेत.

त्या ‘कट्’पासूनच सुरुवात करू. बोटं मोडतानाही तसाच आवाज येतो; तो नेमका कशाचा? सांध्यातल्या द्रवात पोकळी तयार होते तेव्हाचा, की बुडबुडा फुटतो तेव्हाचा? हा वाद अनेक दशकं रेंगाळला होता. कॅनडातल्या ननाइमो गावचे कायरोप्रॅक्टर जेरोम फ्रायर हा प्रश्न घेऊन अल्बर्टा विद्यापीठातले संशोधक ग्रेग कावचक यांच्याकडे गेले. एमआरआय यंत्रातच बोटं मोडून बघायचं ठरलं. त्यासाठी बोटं हुकमी वाजवू शकणारा माणूस हवा होता, आणि तो खुद्द फ्रायरच निघाले! बोटावर एक नळी चढवायची, तिला बांधलेली दोरी हळूहळू ओढायची, सांधा वाजेपर्यंत. दहाही बोटांचं असं चित्रण झालं. सेकंदाच्या एक तृतीयांशाहूनही कमी वेळात सांध्यात एकदम पोकळी उघडताना पडद्यावर दिसली. २०१५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. २०१८ मध्ये गणिताच्या आधारे पुन्हा बुडबुडा फुटण्याची बाजू मांडली गेली, म्हणजे वाद अजून जिवंत आहे. रुग्ण तपासून झाल्यावर कुतूहलापोटी स्वतःचीच बोटं प्रयोगाला देणारा माणूस मला तरी फार आवडतो.

या पेशाचे जनक डॅनियल डेव्हिड पामर. हा पेशा सुरू करण्याआधी त्यांनी किराणा मालाचं दुकान चालवलं, मधमाश्या पाळल्या, चुंबकीय उपचारही केले. १८९५ साली आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी त्यांनी हार्वी लिलार्ड या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं, असा त्यांचा दावा होता. मणका बसवून बहिरेपण जातं, याला विज्ञानाचा आधार नाही, हे इथेच स्पष्ट सांगायला हवं. कंबरदुखीत मात्र या उपचाराने काहींना थोडाफार आराम मिळतो.

डॅनियल यांचा मुलगा बी. जे. पामर वडिलांपेक्षा कितीतरी पुढे गेला. त्याने १९२२ साली चक्क एक रेडिओ केंद्र विकत घेतलं. केंद्राचं नाव डब्ल्यूओसी. त्या अक्षरांचा अर्थ त्याने ‘वंडर्स ऑफ कायरोप्रॅक्टिक’ असा लावून टाकला. १९३२ साली या केंद्रावर एक बेकार तरुण नोकरी मागायला आला. त्याला सांगितलं, माइकसमोर उभा राहा आणि फुटबॉलचा सामना डोळ्यांसमोर उभा कर. समोर ना मैदान, ना खेळाडू. कॉलेजात स्वतः खेळलेला एक सामना आठवून त्याने असं काही समालोचन केलं की काम मिळालं. तो तरुण म्हणजे रोनाल्ड रेगन, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष.

आता तुरुंग. परवान्याशिवाय वैद्यकी केली म्हणून १९०६ साली थोरले पामर स्वतः गजाआड गेले, आणि नंतर कित्येक कायरोप्रॅक्टरांनी तीच वाट धरली. दंड भरून सुटता येत असे, पण दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, म्हणून अनेकांनी कोठडी पत्करली. परवान्याचा पहिला कायदा कॅन्सस राज्याने १९१३ साली केला; शेवटचं राज्य लुइझियाना, १९७४ साली. दोन्हींमध्ये एकसष्ट वर्षं! त्यानंतर न्यायालयाची पायरी खुद्द कायरोप्रॅक्टर चढले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने आपल्यावर संगनमताने बहिष्कार घातला, असा दावा त्यांनी १९७६ साली लावला. १९८७ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला.

आणि कागद! आजच्या अमेरिकी कायरोप्रॅक्टरचा बराच वेळ त्यातच जातो. बिलासाठी पाठीच्या कण्याचे पाच भाग धरतात: मान, पाठ, कंबर, त्रिकास्थी आणि कटिर. एक-दोन भागांवर उपचार केले तर बिलावर ९८९४० हा आकडा, तीन-चार भाग असतील तर ९८९४१, पाचही असतील तर ९८९४२. ज्येष्ठांच्या सरकारी विमा योजनेचे, म्हणजे मेडिकेअरचे, पैसे हवे असतील तर पुढे ‘एटी’ ही दोन अक्षरं लागतात. त्यांचा अर्थ, उपचाराने दुखणं सुधारण्याची अपेक्षा आहे. दुखणं थांबलं, आता नुसतं सांभाळायचं, असं असेल तर ती योजना पैसे देत नाही. दर भेटीला रुग्ण काय म्हणाला, हाताला काय लागलं, काय केलं, पुढे काय करणार, हे सगळं लिहावं लागतं. कंटाळवाणं आहे खरं, पण उपचार कुठे थांबवायचा हा प्रश्न डॉक्टरला पुन्हा पुन्हा विचारणारा कागद मला मोलाचा वाटतो.

काहींचे रुग्ण चार पायांचेही असतात. शॅरन विलोबी या पशुवैद्यही होत्या आणि कायरोप्रॅक्टरही. १९८९ साली त्यांनी प्राण्यांच्या कायरोप्रॅक्टिकसाठी अमेरिकेत संघटना उभारली. घोड्याच्या पाठीपर्यंत हात पोचावा म्हणून गवताच्या गठ्ठ्यावर चढून उभं राहणं हा या कामातला नेहमीचा प्रकार.

आणि या मंडळींतलाच फ्रँको कोलंबू? सार्डिनिया बेटावरचा हा बुटका, पोलादी माणूस अर्नोल्ड श्वार्झनेगरचा जिवलग मित्र. १९७६ साली तो शरीरसौष्ठवातला ‘मिस्टर ऑलिंपिया’ झाला, आणि कायरोप्रॅक्टिकची पदवीही त्याच्याकडे होती. १९७७ च्या ‘वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन’ स्पर्धेत तो पाठीवर फ्रिज बांधून धावत सुटला आणि वाटेत त्याचा गुडघा निखळला. तरी १९८१ साली तो पुन्हा मंचावर उभा राहिला आणि ‘मिस्टर ऑलिंपिया’ किताब दुसऱ्यांदा घेऊन गेला.