एक सेंटिमीटर नाथसागर

शंकरराव चव्हाणांची पदं मोजायला बसलं की एका हाताची बोटं पुरत नाहीत. नांदेडचे नगराध्यक्ष, राज्यात पाटबंधारे मंत्री, दोनदा मुख्यमंत्री. दिल्लीत शिक्षण, नियोजन, संरक्षण, अर्थ आणि दोनदा गृह. गृहखात्याची दुसरी खेप २१ जून १९९१ ते १६ मे १९९६, म्हणजे जवळजवळ १,७९० दिवस. अयोध्या आणि मुंबईचे बॉम्बस्फोट, दोन्ही त्यातच. ‘हेडमास्तर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या माणसाचं प्रगतिपुस्तक दिल्लीत लिहायचं तर ते त्या दिवसांवरून लिहावं लागेल. छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात मात्र ते लिटरमध्येच लिहायला हवं.

त्यांचा जन्म पैठणचा, १९२०चा. पैठणलाच १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली, तेव्हा पाटबंधारे खातं चव्हाणांकडे होतं. २४ फेब्रुवारी १९७६ला इंदिरा गांधी उद्घाटनाला आल्या, तेव्हा ते मुख्यमंत्री होते. पायाभरणीच्या वेळचा मंत्री उद्घाटनालाही खुर्चीवर, तोही बढती मिळवून! आपल्याकडे हे धरणापेक्षा दुर्मीळ.

भिंत सुमारे दहा किलोमीटर, दरवाजे २७, भरल्यावर जलाशयाचा, म्हणजे नाथसागराचा, पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर. शंभराहून अधिक गावं त्याखाली गेली. उपयुक्त साठा ७६.६५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. हा टीएमसी पावसाळाभर पेपरात भेटतो, पण डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. लिटर करून पाहू : २ लाख १७ हजार कोटी.

आता शहराची तहान. २०११च्या जनगणनेत महापालिका हद्दीत पावणेबारा लाख माणसं होती. माणशी रोज १३५ लिटर धरलं तर दिवसाला सुमारे १६ कोटी लिटर. म्हणजे काठोकाठ भरलेला नाथसागर एकट्या शहराला ३७ वर्षं पुरेल. अर्थात कागदावर. शेती आहे, उद्योग आहेत, २०८ आणि १३२ किलोमीटरचे दोन कालवे आहेत, आणि सूर्य आहे. तरी वर्षाकाठी शहराचा वाटा साठ्याच्या तीन टक्केही होत नाही.

सूर्याचंच बघा. भरलेल्या जलाशयाचा वरचा फक्त एक सेंटिमीटर थर म्हणजे ३५० कोटी लिटर, शहराचे २२ दिवस. उन्हाळ्यात एवढा थर दोनेक दिवसांत वाफ होऊन जातो. आणि पुरात एक लाख क्युसेकने, म्हणजे सेकंदाला एक लाख घनफूट, पाणी सोडलं, तर शहराचं दिवसभराचं पाणी मिनिटभराच्या आत दरवाज्यांतून निघून जातं. बातमी वाचणाऱ्याचा चहासुद्धा तेवढ्यात संपत नाही.

मग पाणी शहरात पोचायला अडतं कुठे? एक तर चढावर. धरणाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून १,५२२ फूट, म्हणजे ४६४ मीटर. शहर साधारण ५६८ मीटरवर. सोळा कोटी लिटर रोज शंभर मीटर वर उचलायचे तर, पाइपातलं घर्षण आणि पंपात वाया जाणारी ऊर्जा शून्य मानली तरी, ४३ हजार युनिट वीज लागते. ही निसर्गाची किमान फी. खरं बिल याहून बरंच मोठं. शहराच्या नव्या पाणीपुरवठा योजनेची मुख्य जलवाहिनी अडीच मीटर व्यासाची, सुमारे ३९ किलोमीटर लांब. ती नुसती भरायलाच १९ कोटी लिटर लागतील, म्हणजे शहराच्या एका दिवसापेक्षा जास्त, आणि तोवर जलकुंभात थेंब नाही.

राहिला जलकुंभ ते गल्ली हा टप्पा. मला विचाराल तर सगळ्यात थक्क करणारे आकडे इथेच आहेत, धरणावर नाहीत. शहरातल्या कित्येक वसाहतींना पाणी काही दिवसांच्या अंतराने मिळतं. समजा ते अंतर सहा दिवसांचं आहे. पाच जणांच्या घराला तेवढ्यासाठी ४,०५० लिटर साठवावं लागेल : हजार लिटरच्या चार टाक्या, स्लॅबवर चार टनांचा भार. पावणेबारा लाख माणसांची अशी २ लाख ३५ हजार घरं धरली, तर गच्च्यांवर, हौदांत, ड्रमांत मिळून ९५ कोटी लिटर होतात. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर नसलेलं हे दुसरं धरण लोकांनी स्वतःच्या पैशाने बांधलेलं आहे, आणि जायकवाडीहून शंभर मीटर चढून आलेलं पाणी त्यात भरायला घरटी एक मोटार आणखी तीन मजले वर ओढते.