फ्लायव्हीलभोवतीचे पोलादी कवच

हाताने गिअर बदलण्याच्या मोटारीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये घंटेच्या आकाराचे एक धातूचे आवरण असते आणि त्या आकारावरूनच त्याला बेलहाउसिंग हे नाव पडले आहे. त्याचे पहिले काम जोडण्याचे असते, म्हणजे इंजिनच्या मागच्या तोंडाशी गिअरबॉक्स घट्ट धरून ठेवणे आणि दोघांचे अक्ष एका रेषेत राखणे. दुसरे काम झाकण्याचे, म्हणजे आत फिरणाऱ्या क्लचला धूळ, चिखल आणि पाण्यापासून जपणे. कारखान्यातून येणारे बेलहाउसिंग बहुधा ॲल्युमिनियमचे ओतीव असते आणि या दोन कामांना ते पुरते. मात्र इंजिनची ताकद वाढवून जी मोटार शर्यतीला उतरवली जाते, तिच्या बेलहाउसिंगकडून तिसऱ्या कामाची अपेक्षा केली जाते, ती म्हणजे आतले भाग फुटलेच तर त्यांचे तुकडे आतल्या आत अडवून धरण्याची. आणि मूळ ओतीव आवरणाची रचना या कामासाठी केलेलीच नसते.

या आवरणाच्या आत काय फिरते हे आधी पाहिले पाहिजे. इंजिनच्या क्रँकशाफ्टच्या टोकाला फ्लायव्हील नावाची जड चकती बसवलेली असते. तिच्या कडेवरच्या दात्यांत स्टार्टर अडकतो आणि तिच्या वजनामुळे इंजिनचे धक्के सौम्य होतात. फ्लायव्हीलवर प्रेशर प्लेट बोल्टने आवळलेली असते आणि या दोहोंच्या चिमटीत क्लच प्लेट असते, जी गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसून इंजिनची ताकद पुढे चाकांकडे नेते. पायाने क्लच दाबला की चिमटी सुटते, सोडला की पुन्हा आवळते. रस्त्यावरच्या साध्या वापरात ही रचना लाखभर किलोमीटर तक्रार न करता चालते, म्हणूनच तिच्यात किती ऊर्जा साठलेली असते याची कल्पना सहसा कोणाला येत नाही.

ही कल्पना आकड्यांनी स्पष्ट होते. सुमारे 355 मिलिमीटर, म्हणजे 14 इंच व्यासाचे फ्लायव्हील मिनिटाला 7,000 फेऱ्यांनी फिरत असताना त्याची कड सेकंदाला जवळजवळ 130 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 470 किलोमीटर वेगाने धावत असते. त्या कडेवरच्या प्रत्येक कणावर स्वतःच्या वजनाच्या साडेनऊ हजार पटींहून अधिक जोर बाहेरच्या दिशेने ताण देत असतो, त्यामुळे कडेजवळचा 50 ग्रॅमचा तुकडा पाचशे किलोच्या आसपास जोराने धातूपासून तुटू पाहत असतो. दहा किलो वजनाच्या अशा सपाट चकतीत त्या क्षणी जी ऊर्जा साठलेली असते, ती बाराशे किलोची मोटार ताशी 30 किलोमीटर वेगाने जाताना तिच्यात असते तेवढी भरते. हा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे त्याहून महत्त्वाचे. फेऱ्या साडेतीन हजारांवरून सात हजारांवर गेल्या की ताण दुप्पट न होता चौपट होतो आणि सात हजारांवरून आठ हजारांवर नेल्यास आणखी तीस टक्क्यांनी चढतो. त्यामुळे धोका मोजताना अश्वशक्तीच्या आकड्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, लक्ष इंजिनच्या फेऱ्यांकडे द्यावे लागते.

अश्वशक्तीचा वाटा वेगळ्या वाटेने येतो. ताकद वाढली की क्लच घसरू लागतो, घसरल्याने फ्लायव्हीलचा पृष्ठभाग तापतो, तापून निवण्याच्या फेऱ्यांत त्यावर केसासारख्या बारीक भेगा पडतात, आणि जुने फ्लायव्हील बिडाचे असेल तर याच भेगा पुढे जीवघेण्या ठरतात, कारण बीड दाब उत्तम सोसते पण ताणाला दुबळे असते आणि वाकून इशारा न देता एकदम तडकते. दुसरे कारण चुकीच्या गिअरचे आहे. समजा, एखादी मोटार पहिल्या गिअरमध्ये ताशी 80 किलोमीटरला इंजिनच्या सात हजार फेऱ्या गाठते आणि ती ताशी 160 ने धावत असताना चालकाने क्लच दाबून घाईत पहिला गिअर टाकला. तर इंजिन सुटे असले तरी क्लच प्लेट चाकांना जोडलेली असल्यामुळे ती मिनिटाला चौदा हजार फेऱ्यांवर ओढली जाते. फेऱ्यांवर मर्यादा घालणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा इंजिनावर नजर ठेवते, त्यामुळे या प्रकाराचा तिला पत्ताही लागत नाही. क्लच प्लेटचे घर्षणाचे अस्तर आणि कधी तिचा मधला भागही अशा वेळी विखरून जातो.

हे सगळे घडते ती जागाही वाईट असते. इंजिन पुढे आणि चालना मागच्या चाकांना, अशा रचनेत बेलहाउसिंग चालकाच्या पायांच्या अगदी शेजारी, डॅशबोर्डखालच्या पातळ पत्र्यापलीकडे असते आणि त्याच परिसरातून इंधनाच्या व ब्रेकच्या नळ्या जातात. अमेरिकेतील ड्रॅग रेसिंगमध्ये, म्हणजे थांबलेल्या अवस्थेतून सुटून पाव मैल अर्थात सुमारे 402 मीटरचे अंतर सरळ रेषेत कापण्याच्या शर्यतीत, चालकाच्या इतक्या जवळ फिरणारे भाग फुटल्यास काय होते याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण 8 मार्च 1970 चे आहे. कॅलिफोर्नियातील लायन्स ड्रॅग स्ट्रिप या मैदानावर ड्रॅग रेसिंगचे चालक डॉन गार्लिट्स यांच्या गाडीचा दोन गतींचा ट्रान्समिशन सुरुवातीच्या रेषेवरच फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि गार्लिट्स यांच्या उजव्या पावलाचा काही भाग कायमचा गेला. तिथे फुटला तो ट्रान्समिशन होता, क्लच नव्हे. पण इंजिनामागे बसलेल्या चालकाच्या पायांशी फिरणारे जड भाग असण्याचा धोका दोन्हींत एकच. त्यानंतर गार्लिट्स यांनी इंजिन चालकाच्या पाठीमागे असलेली गाडी घडवली, 1971 मध्ये पोमोना येथील विंटरनॅशनल्स ही स्पर्धा तिच्यावर जिंकली, आणि काही वर्षांतच त्यांच्या गाडीच्या वर्गातील जवळजवळ सगळ्या गाड्यांची रचना बदलली.

ज्या गाड्यांत इंजिनची जागा बदलणे शक्य नव्हते, त्यांच्यासाठी पोलादी कवच हाच मार्ग उरला. ओहायो राज्यातील लेकवूड कंपनीची जाड पोलादी बेलहाउसिंगे यासाठी नावाजली. ती हायड्रोफॉर्मिंग पद्धतीने, म्हणजे द्रवाच्या प्रचंड दाबाने पत्रा साच्यात दाबून, घडवलेली होती. दुसरी पद्धत स्पिनिंगची, जिच्यात ॲल्युमिनियमची पातेली घडवतात त्याच रीतीने फिरता पत्रा ठशावर दाबत हवा तो आकार दिला जातो. दोन्हींत हेतू एकच असतो, तो म्हणजे सलग, सांधा कमीत कमी असलेले आणि आघाताने तडकण्याऐवजी फुगणारे, वाकणारे कवच मिळवणे. कारण पोलाद वाकताना तुकड्याची ऊर्जा गिळते, तर ओतीव ॲल्युमिनियम फुटून स्वतःच्याच तुकड्यांची भर घालते. शर्यतींच्या साधनांसाठी मानके ठरवणाऱ्या अमेरिकेतील एसएफआय फाउंडेशनचे 6.1 हे मानक अशा बेलहाउसिंगसाठी आहे, आणि फ्लायव्हील व क्लचसाठी 1.1 हे वेगळे मानक आहे. तेथील नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या नियमांनुसार पाव मैल 11.49 सेकंदांत किंवा त्याहून कमी वेळात कापणाऱ्या क्लचच्या गाड्यांना सर्वसाधारणपणे या दोन्ही गोष्टी सक्तीच्या आहेत. मानके दोन असण्यामागे विचार आहे. आत भेगाळलेले बिडाचे फ्लायव्हील तसेच ठेवून बाहेर महागडे कवच चढवणे हे काम अर्धवट सोडणेच होय.

कवच बसवताना गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील उतरवावेच लागतात. त्यानंतर अनेक संचांत प्रथम ब्लॉक प्लेट येते. ही इंजिन आणि बेलहाउसिंग यांच्यामधली पोलादी पाटी कवचाची पुढची उघडी बाजू बंद करते, त्यामुळे ती जागेची अडचण म्हणून काढून टाकण्याचा मोह टाळला पाहिजे. तिच्यामुळे स्टार्टर किंचित सरकतो, म्हणून त्याचे दाते फ्लायव्हीलच्या दात्यांत नीट बसतात का हे पाहावे लागते. नवे आवरण मूळपेक्षा जाड व जड असल्याने गाडीच्या तळातल्या, वरच्या बोगद्याला किंवा शेजारच्या सायलेन्सरच्या नळीला ते घासत नाही ना, हेही तपासावे लागते.

यापुढचे काम सर्वांत नाजूक असून घाईत नेमके तेच टाळले जाते. बेलहाउसिंगच्या मागच्या तोंडाला मध्यभागी एक गोल भोक असते, ज्यात गिअरबॉक्सचा पुढचा गळा बसतो. या भोकाचे केंद्र क्रँकशाफ्टच्या केंद्राशी जुळलेच पाहिजे. जागा ठरते ती इंजिनच्या पाठीवरच्या दोन डॉवेल पिनांनी, म्हणजे अचूक मापाच्या खुंट्यांनी; पण इंजिन एका कारखान्याचे आणि कवच दुसऱ्याचे असल्यावर दोन्हींच्या मापांतील बारीक फरक एकत्र येतात. म्हणून डायल गेजचा पाया क्रँकशाफ्टशी फिरेल असा फ्लायव्हीलवर बसवतात, त्याची सुई भोकाच्या आतल्या कडेला टेकवतात, स्पार्क प्लग काढून क्रँकशाफ्ट हाताने पूर्ण एक फेरी फिरवतात आणि सर्वांत मोठे व सर्वांत लहान माप यांतला फरक टिपतात. केंद्रांमधले खरे अंतर या फरकाच्या निम्मे असते. डायलवर 0.014 इंचाचा फरक दिसला तर केंद्र 0.007 इंचाने सरकलेले असते, आणि त्यावर उपाय म्हणजे टोके मुद्दाम तेवढीच मध्यापासून बाजूला सरकवलेल्या ऑफसेट डॉवेल पिना, ज्या 0.007, 0.014 आणि 0.021 इंच अशा मापांत मिळतात. त्या योग्य दिशेला वळवून पुन्हा मोजतात आणि डायलवरचा फरक साधारण 0.005 इंचाच्या, म्हणजे सुमारे 0.13 मिलिमीटरच्या आत आला की थांबतात. मागचे तोंड क्रँकशाफ्टला काटकोनात आहे का, हेही त्याच गेजने पाहतात. ही काळजी न घेतल्यास गिअरबॉक्सचा दांडा प्रत्येक फेरीत किंचित वाकत राहतो, त्याचे पुढचे टोक पेलणारे पायलट बेअरिंग झिजते, गिअर अडखळतात, आणि सुरक्षेसाठी बसवलेला भाग स्वतःच नव्या बिघाडाचे कारण बनतो.

शेवटी कवच उच्च ताणाच्या बोल्टांनी, ठरलेल्या जोराने आणि एकही भोक रिकामे न ठेवता आवळायचे असते, कारण एक बोल्ट कमी म्हणजे आघाताला एक फट जास्त. वजन वाचवण्यासाठी कवचाला भोके पाडल्यास त्याचे प्रमाणपत्र निरर्थक होते.

भारतातील बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवे असते, चालना पुढच्या चाकांना असते आणि बेलहाउसिंग गिअरबॉक्सच्याच ओतीव सांगाड्याचा भाग असते, त्यामुळे ते बदलता येत नाही. लोणावळ्यापलीकडे ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती भरल्या आहेत आणि तिथे उतरणाऱ्या अशा गाड्यांच्या मालकांना मग कवच कसे बसवायचे, हा प्रश्न खरोखर पडू शकतो. तयार कवच बाजारात नसलेल्या गाड्यांसाठी अमेरिकी नियमांनी दिलेला पर्याय इथे वाट दाखवतो. त्यानुसार किमान पाव इंच, म्हणजे आपल्याकडील मिस्त्रींच्या भाषेत दोन सूत जाडीच्या पोलादी पाटीचे कडे बेलहाउसिंगभोवती चहूबाजूंनी बसवायचे, ते बेलहाउसिंगच्या मूळ बोल्टांवर न टांगता वेगळे पक्के करायचे आणि ते फ्लायव्हीलच्या पुढे व क्लचच्या मागे किमान एकेक इंच जाईल असे ठेवायचे.

कवच असो वा नसो, एक गोष्ट प्रत्येक गॅरेजला आजपासून पाळता येईल. फुटलेले तुकडे फ्लायव्हीलच्या फिरण्याच्या पातळीतच बाहेर फेकले जातात, म्हणून गाडी उभी करून इंजिन जोराने फिरवायचे असेल तेव्हा त्या पातळीत, म्हणजे बेलहाउसिंगच्या दोन्ही बाजूंना किंवा वर वाकून, कोणालाही उभे राहू देऊ नये.