पत्र्याच्या जुन्या भिंतीवर नवे आवरण चढविताना



उसाचा हप्ता हाती आला की पहिली आठवण होते ती घराच्या डागडुजीची. रानातल्या वस्तीवर आपल्यापैकी पुष्कळांची घरे पत्र्याची आहेत. काही पावसाळे गेले की भिंतीचा पत्रा खालून गंजतो, भोके पडतात. मग कुणीतरी सांगतो, "जुना पत्रा काढायचा कशाला? त्यावरूनच नवं ठोका की!" हा सल्ला चुकीचा आहे असे नाही. पण अर्धाच ऐकला तर महागात पडतो.

गेल्या वैशाखात आपल्या एका सभासदाने जुन्या पत्र्यावरच पीव्हीसीच्या पट्ट्या स्क्रूने बसविल्या. घर नव्यासारखे दिसू लागले. पहिल्याच वळवाच्या वाऱ्यात पश्चिमेची बाजू पट्ट्यांसकट शेजारच्या उसात जाऊन पडली. आम्ही जाऊन पाहिले. स्क्रू शाबूत, पट्ट्याही शाबूत. गंजलेला पत्रा मात्र प्रत्येक स्क्रूभोवती फाटलेला. माणसे दुसऱ्या खोलीत होती म्हणून निभावले. यातून एकच गोष्ट ध्यानी घ्यायची : नवे आवरण जुन्या पत्र्यावर बसते, पण ते धरले पाहिजे आतल्या सांगाड्याने.

आधी तपासणी

भिंतीच्या तळाशी वीतभर उंचीपर्यंत स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबून पाहा. पागोळ्यांचे पाणी तिथेच उडते, म्हणून गंज आणि वाळवी तिथूनच सुरू होते. खांबाच्या लाकडात टोक सहज शिरले तर आधी तो खांब बदला किंवा कुजलेला भाग कापून नवा जोड द्या. पाणी वरून, छपरातून येत असेल तर छप्पर आधी. गळती झाकली म्हणजे थांबत नाही, ती आत लपून लाकूड खात राहते.

अर्ध्याहून जास्त पत्रा चाळणी झाला असेल तर त्यावर आवरण घालण्याचा खर्च करू नये. तो उतरवून सांगाड्यावर नवाच पत्रा मारावा. थोडाच गंज असेल तर तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साईड लावावे आणि पुढे जावे.

सांगाडा कसा शोधावा

जुन्या खिळ्यांच्या किंवा स्क्रूंच्या रांगा पाहा. जिथे रांग, तिथे मागे लाकूड किंवा अँगल. त्या रांगांवर खडूची दोरी मारून खुणा करा. अमेरिकेत कारखान्यात बांधून चाकांवर ओढून आणलेली घरे असतात, त्यांना 'मोबाईल होम' म्हणतात. त्यातल्या जुन्या घरांच्या पातळ पत्र्यावरही व्हिनाईलच्या, म्हणजे पीव्हीसीच्याच पट्ट्या चढवितात. तिथेही सांगाडा हुडकण्याची खूण हीच.

रिपा मारणे

पट्ट्या आडव्या बसवायच्या असतील तर रिपा उभ्या, सव्वा-सव्वा फुटावर माराव्यात. पन्हळी पत्रा उभा बसवायचा असेल तर रिपा आडव्या. रीप सांगाड्याच्या लाकडावरून जाते तिथे दर ठिकाणी स्क्रू हवा. त्याच्या लांबीचा हिशेब असा : रीप पाऊण इंच, जुन्या पत्र्याची पन्हळ पाऊण इंच आणि घट्ट लाकडात निदान एक इंच, म्हणजे अडीच इंच. याहून आखूड स्क्रू घेऊन पैसे वाचवू नयेत. वीस फूट लांब व आठ फूट उंच भिंतीला सतरा उभ्या रिपा, म्हणजे एकशे छत्तीस फूट लाकूड लागते. दार-खिडकीभोवतीच्या रिपा वेगळ्या धराव्यात.

काम सुरू करण्यापूर्वी मेन स्विच बंद करा. लांब स्क्रू आतल्या वायरीत घुसला तर सगळी भिंत करंट मारते. वायरी कुठून गेल्या आहेत ते आधी आतून पाहून बाहेर खूण करा.

पट्ट्या बसविणे

सुरुवात खालून करावी. पहिली पट्टी लेव्हल नळीने अगदी सरळ धरा, कारण तिचा वाकडेपणा वरपर्यंत जातो. वरची पट्टी खालच्यावर यावी, कौलासारखी. पावसाळी वारा आपल्याकडे पश्चिमेचा, म्हणून उभ्या जोडाचे उघडे तोंड पूर्वेकडे ठेवावे.

पीव्हीसी उन्हाने किती वाढते ते पाहा. बारा फुटांची पट्टी थंडीतली पहाट ते चैत्रातली दुपार एवढ्या फरकात तीन-चार सूत लांबते; तेवढाच लोखंडी पत्रा अर्ध्या सुताच्या आसपास. उन्हात पडलेला पीव्हीसी पाईप कसा वाकतो हे आपण पाहतोच. म्हणून पट्टीच्या दोन्ही टोकांना दोन-दोन सूत जागा सोडावी, थंडीत काम असेल तर तीन. स्क्रू लांबट भोकाच्या मध्यावर मारावा आणि आवळून टाकू नये. डोक्याखाली पाव ते अर्धा सूत फट राहू द्यावी. पट्टी हाताने इकडेतिकडे सरकली पाहिजे. न सरकली तर उन्हाळ्यात ती फुगून येणार हे नक्की.

जुना पत्रा आणि नवे आवरण यांमध्ये हवा खेळू द्यावी. रात्री पत्र्याला आतून दव धरते, ते वाळायला वाट हवी. तळाची फट सिमेंटने बुजवू नये. उंदीर येऊ नयेत म्हणून बारीक जाळी लावावी.

चुलीच्या भिंतीला किंवा गुऱ्हाळाच्या चुलवाणाकडच्या बाजूला पीव्हीसी नको. धगीने ते मऊ पडून वाकते. तिथे लोखंडी पत्राच बरा. पाचट पेटवू नका असे आम्ही जमिनीच्या भल्यासाठी नेहमी सांगतो. असे आवरण घातलेल्या घराशेजारी तर ते मुळीच पेटवू नका.

हे सर्व काम चांगल्या सुताराला दोन गड्यांच्या मदतीने करता येते. मात्र तो समोर असताना एक गोष्ट स्वतः पाहावी : स्क्रू फिरता फिरता शेवटी घट्ट धरतो की नुसताच फिरत राहतो? नुसता फिरला तर मागे लाकूड नाही, असलेच तर कुजलेले. तो स्क्रू तसाच ठेवू देऊ नका. वळवाचा वारा नेमका तोच स्क्रू शोधतो.

तरी ज्या सभासदांना यंदा हे काम करावयाचे आहे, त्यांनी वळीव सुरू होण्याआधी ते उरकून घ्यावे, ही विनंती.