बोटभर मावळा, हातभर तट



दिवाळीचा किल्ला म्हटलं की डोळ्यांसमोर पोरं येतात. चिखल कालवणारी, गोणपाट भिजवणारी, "आई, एक परात दे ना" म्हणून मागे लागणारी. आपण परात देतो, नंतर चिखलाचे कपडे धुतो, किल्ल्यापुढे पणती लावतो. एवढाच आपला वाटा. गेल्या दिवाळीत आमच्या गटातल्या चौदा बायकांनी किल्ला स्वतःच केला. ते कळल्यापासून आजूबाजूच्या गटांतल्या ताई विचारतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : "त्यातून गटाला किती मिळाले?"

काहीच मिळाले नाहीत. मिळवायला गेलो होतो ते त्याच्या आदल्या वर्षी. कुंभारवाड्यातून कच्चे भाजलेले तीनशे मावळे आणले, घरोघरी वाटून घेऊन रंगवले आणि तालुक्याच्या गावी एका दुकानदाराला उधारीवर दिले. दिवाळीनंतर त्यातले एकशे ऐंशी परत आले. कुणाचा भाला मोडलेला, कुणाचं नाक उडालेलं, आणि निम्म्यांचे रंग ओघळलेले. आम्ही वापरला होता पोस्टर कलर. तो पाण्याने सुटतो, आणि दिवाळीत रात्री दव पडतं हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. हिशोबाच्या बैठकीत चूक कुणाची यावरून शब्दाला शब्द लागला. दोघींनी बैठकीला येणं सोडलं. एकीने तर त्या मावळ्यांपायी तीन रात्री जागवल्या होत्या. पोतं सचिवताईंच्या खाटेखाली वर्षभर पडून होतं.

ते पोतं उघडलं एका ताईंच्या भाच्याने. तो पुण्याला नोकरी करतो. त्याने आपल्या बॅगेतून एक डबा काढला. आत इंचभर उंचीचे सैनिक, प्रत्येकाच्या पट्ट्याचं बक्कलसुद्धा रंगवलेलं. हा त्याचा छंद. चार-पाच मित्र सुट्टीच्या दिवशी जमून रंगवतात, पुठ्ठ्याचे डोंगर आणि पडकी घरं करतात, मग मोठ्या टेबलावर ते मांडून लढाईचा खेळ खेळतात. फासा टाकायचा, टेपने अंतर मोजून सैनिक पुढे सरकवायचा. विलायतेत हा प्रकार जुना आहे. एच. जी. वेल्स या मोठ्या इंग्रज लेखकाने १९१३ साली अशा खेळाच्या नियमांचं पुस्तकच लिहिलं, 'लिटल वॉर्स' नावाचं. थोराड माणसं जमिनीवर पालथी पडून खेळण्यातल्या सैनिकांशी खेळत, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. हे ऐकून आमच्यातल्या एक जण म्हणाल्या, "आणि आपण रांगोळी काढली तरी सासू घड्याळ बघते."

भाच्याने पहिली शिकवली ती मापाची गोष्ट. ही कळली की निम्मा किल्ला झाला म्हणा. पोरांच्या किल्ल्यात मावळा बुरुजापेक्षा उंच असतो, कारण मावळा बाजारातून येतो आणि बुरूज मनाने होतो. आमचा मावळा तीन इंचांचा. खरा माणूस साडेपाच फुटांचा धरला, तर वीस फुटांचा तट अकरा इंच करावा लागतो. भाच्याचा सैनिक इंचभराचा, म्हणून त्याचा तट चार इंचांत भागतो आणि अख्खी लढाई टेबलावर मावते. आमच्या मापाने पूर्ण राजगड करायचा तर बालेकिल्ला समाजमंदिराच्या छपराला टेकला असता! म्हणून एकच तुकडा घ्यायचं ठरलं : चोरदरवाजा आणि त्यातून वर आलं की दिसणारं पद्मावती माचीवरचं तळं.

राजगडच का, तर तो आम्हाला शेतातून दिसतो. महाराजांची राजधानी रायगडाच्या आधी इथेच होती, सईबाईंची समाधी याच माचीवर आहे, आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यात हाही आहे. पण आमच्यातल्या बऱ्याच जणी लग्न होऊन वीस वर्षं झाली तरी गडावर गेलेल्या नाहीत. जातात त्या एकच ताई, शनिवार-रविवारी ताक विकायला. मग फोटो बाजूला राहिले आणि त्याच आमचा नकाशा झाल्या. आम्ही दरवाजासमोर ऐसपैस सपाटी केली होती. त्यांनी ती हाताने खरवडून काढली. "इथं डोक्यावर कॅन घेऊन दोन बायका शेजारी उभ्या राहत नाहीत. आणि दार एवढं मोठं कशाला? वाकूनच आत जावं लागतं." एरवी बैठकीत सही करून गप्प बसणाऱ्या या ताई. त्या दिवशी चौदा जणींना कामाला लावत होत्या.

आता रंगाचं. आधी मावळा ओल्या फडक्याने पुसून वाळवा. मग पांढऱ्या ॲक्रिलिकचा एक पातळ हात द्या. नाहीतर भाजलेली माती रंग पिऊन टाकते. ॲक्रिलिक पाण्यात कालवता येतो आणि वाळला की दवाने सुटत नाही. अंगरखा, पागोटं, ढाल यांचे सपाट रंग वाळल्यावर गडद तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून सगळ्या अंगावरून फिरवा. तो चुण्यांत, बोटांच्या खाचांत जाऊन बसतो आणि सावली आपोआप पडते. शेवटी ब्रशवर फिका रंग घेऊन तो कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसा आणि वरच्या कडांवरून हलकेच ओढा. नाक, गुडघे, पागोट्याचे पीळ उठून दिसतात. ही कोरड्या ब्रशची युक्ती कातळालाही चालते. चिखलात कोळशाची पूड मिसळून गोणपाट बुडवलं, दगड-विटांवर अंथरलं, आणि वाळल्यावर जुन्या टूथब्रशने राखाडी रंग ओढला. लांबून पाहणाऱ्याला खरा कातळ वाटला. थर्माकोल मात्र आणू नका. पणती शेजारीच असते.

दोन गोष्टी जपा. सुईत दोरा ओवताना टोक ओठांत धरायची आपल्याला सवय असते, तसा ब्रश ओठांत धरू नका. आणि घरात पडलेले जुने ऑइलपेंटचे डबे वापरू नका, त्यात शिसं असू शकतं. २०१६ च्या सरकारी नियमाने घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० पेक्षा जास्त शिसं चालत नाही, पण जुन्या डब्याची खात्री कोण देणार? पोरं तेच मावळे तोंडात घालतात.

डोळे सगळ्यात शेवटी, टाचणीच्या टोकाने. इथेच आमच्या सहा जणींना कळलं की आपल्याला जवळचं दिसत नाही. इतके दिवस तांदळातले खडे लेकींकडून निवडून घेत होत्या, पण डोळ्यांचं कुणी बोललं नव्हतं. सहाही जणींनी नंतर चष्मे केले.

खर्च बचतीच्या पैशातून करायचा नाही, हे आधीच ठरवून इतिवृत्तात लिहिलं. प्रत्येकीने वीस रुपये वेगळे काढले. गुरुवारची बैठक संपली की एक तास, तोही दिवेलागणीच्या आत. पहिल्या गुरुवारी पाच जणी होत्या. घरी "दिवाळीचं सामान करतो" असं सांगून आलेल्या. खोटंही नव्हतं म्हणा. तिसऱ्या गुरुवारी, वर्षभर न आलेल्या त्या ताई दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मी रंगवलेले कुठले ते मला ओळखू येतात, ते तेवढे माझ्याकडे द्या." चव्वेचाळीस निघाले. मोडके भाले त्यांनी खराट्याच्या काड्यांचे केले. दुसऱ्या ताई अजून आलेल्या नाहीत. त्यांच्या घरी फराळ आणि एक मावळा पाठवला, तो त्यांनी ठेवून घेतला.

वसुबारसेच्या पाच-सहा दिवस आधी माचीवर अळीव आणि मोहरी टाकली, हाताने पाणी शिंपडलं. वर हिरवं दाट उगवलं. मावळे लावून झाल्यावर लक्षात आलं, साऱ्या गडावर एकही बाई नाही. कुंभारवाड्यातल्या काकूंनी एक बसलेली बाई करून दिली, पुढ्यात माठ. ताकवाल्या ताईंनीच ती रंगवली, स्वतःच्या हिरव्या लुगड्यासारखी, आणि तळ्याच्या काठी नेऊन बसवली.

पोरं लगेच म्हणाली, "शिवाजी महाराजांच्या काळात ताकवाली कुठली?"

ताई म्हणाल्या, "मग एवढा गड चढून आल्यावर मावळे काय पीत होते रे?"