सामायिक मीटरचं बिल आणि डोंबिवलीच्या गच्च्या

डोंबिवली पूर्वेला कुठल्याही उंच गच्चीवर उभं राहा, नव्या इमारतींवर सोलर वॉटर हीटरच्या गोल टाक्या ओळीने दिसतील. कल्याण-डोंबिवली महापालिकेने नव्या इमारतींना ही यंत्रणा सक्तीची केली, म्हणून त्या तिथे आहेत. विद्युत विभागाचा दाखला नसला की बिल्डरचा पुढचा कागद अडतो. केंद्राच्या ‘सोलर सिटी’ कार्यक्रमात ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही दोन्ही शहरं होती आणि पारंपरिक ऊर्जेची अपेक्षित मागणी पाच वर्षांत किमान १० टक्क्यांनी कमी करायची, असं त्याचं उद्दिष्ट होतं. आपल्या महापालिकेने हा विषय इतका लवकर हाती घेतला, याचा मला डोंबिवलीकर म्हणून अभिमान आहे.

पण त्या टाक्यांतलं किती पाणी बाथरूमपर्यंत पोहोचतं, हे विचारायला हवं. आमच्याच गच्चीवरची गोष्ट सांगते. काचेच्या नळ्यांवर धुळीचा थर, दोन नळ्या फुटलेल्या, टाकीच्या सांध्यापाशी क्षारांचा पांढरा पापुद्रा आणि खाली उतरणाऱ्या पाइपचा व्हॉल्व्ह बंद. पहिल्या मजल्यावर नळ सोडला की गरम पाणी येईपर्यंत बादलीभर गार पाणी वाहून जायचं. त्यामुळे खालच्या मजल्यांनी आधीच गीझर लावले. मग दुरुस्तीचा खर्च वरच्यांनी करायचा की सगळ्यांनी, यावर सभेत वाद झाला आणि यंत्रणा तशीच पडून राहिली. बसवणारा बिल्डर, वापरणारे आम्ही, दुरुस्ती सोसायटीच्या माथी आणि वाचणारी वीज ज्याच्या त्याच्या घरच्या बिलात! अर्थशास्त्रातला हा नेहमीचा गुंता आहे. खर्च एकाचा आणि फायदा दुसऱ्याचा असेल, तर चांगली वस्तूही गंजते. नियमाने यंत्र बसतं. ते चालू राहतं ते बिलामुळे.

आयुष्यभर बँकेत आकडे सांभाळले आणि आता सोसायटीची खजिनदार आहे, म्हणून मी कार्बन उत्सर्जनाच्या प्रश्नाकडे सामायिक मीटरच्या बाजूने पाहते. दोन लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले आणि आवारातले दिवे मिळून आमचा महिन्याचा वापर १८०० युनिटांच्या आसपास. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. महावितरणच्या २०२४-२५च्या दरपत्रकात पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे आणि ५०० युनिटांच्या वर १६ रुपये ६४ पैसे असा दर होता. त्यावर युनिटमागे १ रुपया १७ पैसे वहन आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे आमची बहुतेक वीज युनिटला वीस रुपयांहून महाग पडत होती.

आता गच्चीवर वीज तयार करणारे १० किलोवॉटचे सोलर पॅनेल लावले, तर साधारण हजार चौरस फूट जागा लागते आणि आपल्याकडच्या उन्हात, पावसाळा धरूनही, वर्षाला १४ हजार युनिटांच्या आसपास वीज मिळते. आम्हाला आलेली दरपत्रकं सहा लाखांच्या आगेमागे होती. फेब्रुवारी २०२४मध्ये आलेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थेच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटला १८ हजार रुपये अनुदान आहे, म्हणजे १ लाख ८० हजार. उरले सव्वाचार लाखांच्या आत. वरच्या टप्प्यातली १४ हजार युनिटं वाचली, तर त्या दराने वर्षाला पावणेतीन लाखांहून जास्त वाचतात. दीड-दोन वर्षांत पैसे वसूल, आणि पॅनेलचं आयुष्य पंचवीस वर्षांचं.

कार्बनचा हिशेबही याच आकड्यात आहे. देशाच्या ग्रिडमधली वीज अजून मुख्यतः कोळशाची. एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. १४ हजार युनिटं म्हणजे वर्षाला दहा टनांच्या जवळपास. हे दहा टन कमी करण्यासाठी पदरचं काही जात नाही, उलट मिळतं.

प्रदूषणाला किंमत लावली की लोक आपोआप सुधारतात, असं पुस्तकात असतं. भारतानेही २०१० साली कोळशावर टनाला ५० रुपये उपकर बसवला आणि २०१६पर्यंत तो ४०० रुपयांवर नेला. एका युनिटला साधारण ०.७ किलो कोळसा धरा. ४०० रुपयांचा तो उपकर युनिटला पाव रुपयाच्या थोडा वर जातो. वीस रुपयांच्या युनिटमध्ये तो कुणाच्या लक्षात येणार? सप्टेंबर २०२५मध्ये हा उपकर गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५चा १८ टक्के झाला. देशात कार्बन क्रेडिटचा बाजारही उभा राहतो आहे, पण तो मोठ्या कारखान्यांसाठी. आमच्या जिन्यातल्या दिव्यापर्यंत तो येणार नाही. इथे वीजदराचे टप्पे, अनुदान आणि नेट मीटर (ग्रिडला दिलेली जास्तीची वीज बिलातून वजा करणारा मीटर) यांचंच चालतं.

महावितरणचीही बाजू आहे, ती डावलून चालणार नाही. वरच्या टप्प्यातले ग्राहक जे जास्त देतात, त्यातूनच खालच्या टप्प्यातली वीज स्वस्त राहते. आम्ही सगळे सोलरवर गेलो, तर ती तूट कुणाकडून भरायची? शिवाय लिफ्टची गर्दी सकाळ-संध्याकाळची आणि आमची वीज तयार होणार भर दुपारी. निदान पंप दुपारी लावता येतो. टाकीला पाणी कधी चढवायचं हे वॉचमनच्या हातात असतं, आणि ही वेळ बदलायला एक पैसाही लागत नाही.

खरी अडचण मात्र विजेची नाहीच, जागेच्या कागदांची आहे. कितीतरी सोसायट्यांच्या नावावर जमीनच झालेली नाही; मानीव अभिहस्तांतरणाचे अर्ज वर्षानुवर्षं रेंगाळतात. डोंबिवलीत तर बनावट परवानग्यांवर महारेरा नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश नोव्हेंबर २०२४मध्ये उच्च न्यायालयाने दिला. ज्यांच्या डोक्यावरचं छप्परच टिकेल की नाही ठाऊक नाही, त्यांनी त्या छपरावर पैसे घालावेत असं कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणून मला वाटतं, अभिहस्तांतरणाचा निपटारा वेगाने होणं हेही या शहरांसाठी हवामान धोरणच आहे.

जुन्या इमारतींत दुसरं उत्तर मिळतं. “काकू, दोन-तीन वर्षांत बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार, आता कशाला?” असं मला आमच्याच तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने विचारलं. मी त्याला पुनर्विकासाचा पहिला ठराव कधी झाला, ती तारीख इतिवृत्तात दाखवली. तेव्हाच पॅनेल बसवले असते, तर एव्हाना ते फुकटात पडले असते. आणि इमारत खरोखरच पाडायची वेळ आली, तर सांगाड्यासकट सोडवून दुसरीकडे लावता येतात.

महापालिकांकडे एकच मागणं आहे. दाखला देताना एकदा पाहणी करून थांबू नका. चालू असलेल्या यंत्रणेला दरवर्षी तपासून मालमत्ता करात सवलत द्या, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याच्याच हातात पैसे पडतील.

आणि सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना विनंती: वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. यंदा विषयपत्रिकेत हा विषय घाला, सामायिक मीटरची बारा महिन्यांची बिलं सभेत वाचून दाखवा, किमान तीन दरपत्रकं मागवा आणि त्याच सभेत ठराव करा.