हरित वसईचा शेजारधर्म

कीर्तनाच्या पूर्वरंगी तत्त्व मांडावे व उत्तररंगी ते आचरणाऱ्याचे चरित्र सांगावे, ही आमची परिपाटी. आज नाताळ. म्हणून पूर्वरंग ख्रिस्तप्रणीत शेजारधर्माचा आणि उत्तररंग वसईचा.

वसईचा ख्रिस्ती समाज पिढ्यान्‌पिढ्या बागाईतीवर पोसलेला. केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला हेच त्याचे धन. मुंबई विस्तारली, तसे जमिनीचे मोल चढले. वाड्यांच्या जागी इमारती आल्या, विहिरींचे गोडे पाणी टँकरांतून जाऊ लागले. अशा समयी धर्मगुरूने केवळ प्रार्थना सांगून स्वस्थ बसावे काय? फादर फ्रान्सिस दिब्रिटो वेदीवरून रस्त्यावर उतरले. हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारे त्यांनी भूमी आणि पाणी यांच्या रक्षणार्थ लोक जागविले. त्यात धर्मभेद नव्हता. कारण विहीर आटली, तर देवळास जाणारा आणि चर्चला जाणारा दोघेही तहानेलेच राहतात.

भाषेचीही त्यांनी अशीच सेवा केली. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत सिद्ध केले. त्याच परंपरेत दिब्रिटोंनी ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादन केले आणि २०२० साली उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले.

२०२४ मध्ये ते निवर्तले. वसईच्या वाड्या आक्रसल्या, हे खरे. तथापि वाचकहो, गव्हाणीत जन्मलेल्या बाळाचा उत्सव करताना ज्या मातीत ते गवत उगवते, तिची राखण हीही पूजाच होय. हा बोध सर्वच देवघरांनी घ्यावा.