कार्यप्रणालीचे अद्ययावतीकरण आणि मराठी विभागाचा संगणक : दोषनिदानाची एक दिशा

प्रस्तावना

अध्यापन, संशोधन आणि प्रश्नपत्रिका-निर्मिती या तिन्ही क्षेत्रांत संगणक आज अपरिहार्य झाला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०' या कार्यप्रणालीचा सर्वसाधारण आधार थांबविला आणि महाविद्यालयांना 'विंडोज ११'चा विचार करणे भाग पडले. इंग्रजीतून काम करणाऱ्या विभागांत हे संक्रमण बहुधा निमूटपणे पार पडते. मराठी विभागात मात्र दुसऱ्याच दिवशी 'फाईल बिघडली' अशी तक्रार येते. प्रस्तुत लेखकाच्या मते अशा वेळी फाईल क्वचितच बिघडलेली असते. दोष फाँटमध्ये, कळफलकात किंवा अक्षरांच्या संकेतांकनात असतो. तो नेमका कोठे आहे हे ठरविल्याशिवाय पुनर्टंकलेखनास हात घालू नये.

समस्येचे स्वरूप

प्रस्तुत लेखकाने एम.फिल.साठी दर्यापूर परिसरातील जात्यावरच्या ओव्या संकलित केल्या होत्या. त्या गाणाऱ्या काही वृद्ध स्त्रिया आज हयात नाहीत. ध्वनिफितीही उरलेल्या नाहीत. प्रबंध त्या काळच्या एका प्रचलित, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलिखित झाला होता. डिस्क साफ करून नवी कार्यप्रणाली टाकल्यावर तो उघडला, तेव्हा पडद्यावर ओव्यांच्या जागी रोमन अक्षरांचा निरर्थक पसारा होता. सर्व संपले असे त्या क्षणी वाटले, हे मान्य केले पाहिजे.

वस्तुतः काहीच संपले नव्हते. जुन्या फाँटमध्ये देवनागरी आकृत्या रोमन अक्षरांच्या जागी बसविलेल्या असत. उदाहरणार्थ, कृतिदेव फाँटमधील 'काका' हा शब्द संगणकाच्या लेखी 'डी-के-डी-के' एवढाच असतो. फाँट गेला की मुखवटा गळून पडतो आणि आतील रोमन अक्षरे दिसू लागतात. तोच फाँट पुन्हा बसविताच मजकूर पूर्ववत होतो. येथे एक फसगत संभवते. वर्डच्या चौकटीत फाँटचे जुने नाव तसेच दिसत राहते, म्हणून फाँट संगणकात आहे असा समज होतो. ते नाव फाईलमधून आलेले असते. फाँट खरोखर आहे की नाही, हे फाँटच्या फोल्डरमध्येच पाहावे.

विंडोज १० मध्ये २०१८ पासून फाँट सामान्यतः फक्त तो बसविणाऱ्या वापरकर्त्यापुरताच बसतो. प्रयोगशाळेत एकाच्या लॉगिनवर अक्षरे दिसतात आणि दुसऱ्याच्या लॉगिनवर दिसत नाहीत, त्याचे हे एक कारण. त्यामुळे बसवितानाच 'सर्व वापरकर्त्यांसाठी' हा पर्याय निवडावा. युनिकोडमधील 'मंगल' फाँटची गोष्ट निराळी आहे. विंडोज ७ मध्ये तो मूळचाच असे. विंडोज १० पासून तो 'देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स' या ऐच्छिक संचात गेला. तो नसल्यास मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये वाचता येतो, परंतु ओळी व पाने सरकतात आणि दोन पानांची प्रश्नपत्रिका तिसऱ्या पानावर जाते. सेटिंग्जमधील ऐच्छिक सुविधांतून हा संच पुन्हा घेता येतो.

कळफलकाविषयी थोडक्यात. विंडोज ११ केवळ ६४ बिटांची आहे. त्यामुळे १६ बिटांचे जुने टंकलेखन कार्यक्रम तीवर चालत नाहीत आणि हार्डवेअर-कुलपाचे ३२ बिटी ड्रायव्हरही निरुपयोगी ठरतात. त्यांवर वेळ दवडू नये. इनस्क्रिप्ट शिकून घ्यावे.

'वऱ्हाड' या शब्दाची कसोटी

जुना मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करताना खरी कसोटी लागते. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टंकला जाई. युनिकोडमध्ये हा क्रम उच्चाराप्रमाणे असतो. त्यामुळे रूपांतरकाच्या चुका मुख्यतः याच दोन ठिकाणी होतात.

तिसरे ठिकाण खास मराठीचे आहे आणि आपल्या प्रदेशाच्या नावातच ते आहे. 'वऱ्हाड'मधील अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेल्या 'ऱ'ला हलन्त जोडून. इनस्क्रिप्टवर शिफ्टसह 'जे' आणि मग 'डी'. दुसरी, साध्या 'र'ला हलन्त आणि त्यापुढे 'झीरो विड्थ जॉइनर' हे अदृश्य चिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला मात्र ते भिन्न शब्द वाटतात, आणि एका रीतीचा शोध घेतला तर दुसऱ्या रीतीचा 'वऱ्हाड' सापडेलच असे नाही. अदृश्य चिन्ह मध्येच गळाले तर 'वर्हाड' असे रफारयुक्त रूप उमटते.

हा केवळ शोभेचा प्रश्न नाही. मेळघाटातील 'दऱ्या' चिन्ह गळताच 'दर्या' होतात, आणि 'आचाऱ्यास' दिलेली दक्षिणा 'आचार्यास' पोचते! यावर उपाय म्हणून सरसकट 'र्य'च्या जागी 'ऱ्य' घालण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखकाने तो केला आणि 'दर्यापूर'चे प्रबंधभर 'दऱ्यापूर' झाले. बदल एकेक शब्द पाहूनच करावा. नव्या फाईलींसाठी विभागाने पहिली रीत ठरवून घ्यावी, हे श्रेयस्कर.

अद्ययावतीकरणापूर्वी

जुना फाँट चालू असलेल्या संगणकावरच प्रत्येक महत्त्वाच्या फाईलची फाँट अंतर्भूत केलेली पीडीएफ काढून ठेवावी. फाँटची मूळ फाईलही पेनड्राइव्हवर घ्यावी. रूपांतरानंतर ताडून पाहण्यास ही पीडीएफच साक्षीदार असते. नवी प्रणाली जुनीवरच चढविली असल्यास साधारणतः पहिल्या १० दिवसांत सेटिंग्जमधून मागे परतता येते. डिस्क साफ केली असल्यास हा मार्ग उरत नाही.

प्रस्तुत लेखकाकडे अशी पीडीएफ नव्हती. ग्रंथालयातील बांधीव प्रत समोर ठेवून प्रत्येक ओवी ताडून पाहावी लागली. त्यास तीन रविवार लागले. एका ओवीतील दोन शब्द मात्र त्या बांधीव प्रतीतच चुकलेले निघाले.